सुटलं तिथं रेघ

बिनतारी मामा कोणाच्याही दारात आले की कडी एकाच पद्धतीनं वाजवत. तीनदा बारीक, टक टक टक, आणि चौथ्यांदा कडी फळीवरून ओढत लांबवून, टाऽक. दार सताड उघडं असलं तरी. माझी माय एकदा चुलीपुढून वैतागून म्हणाली, "अवो दादा, मी तुमच्या समोर दिसून राहिली, मंग कडी काऊन वाजवता?" मामा तिथंच उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "दार उघडं आहे ते दिसते, बाई. कान उघडा आहे का नाई, ते पाहून राहिलो."

देवरीत आमच्या आळीला त्या टकटकीची इतकी सवय झाली होती, की मामा आजारी पडले तर लोकांना आठवडा चुकल्यासारखा वाटे. मामा हे माझे सख्खे मामा नव्हेत. मायच्या माहेरचे, चिचगडचे, म्हणून मामा. पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याला बिनतारी पलटणीत होते. तार नाही, खांब नाही, आणि तरी इकडचं बोलणं तिकडं जातं, हे त्यांनी परत येऊन सांगितलं तेव्हा निम्म्या गावानं त्यांना खोटं पाडलं आणि निम्म्यानं जादूगार ठरवलं. नाव मात्र कायमचं चिकटलं.

त्या टकटकीचा अर्थ त्यांनी मला समजावला तो सांगते. दूरच्या माणसाला बिनतारी संदेश धाडायचा, तर पहिल्यांदा कामाचं काही बोलायचंच नाही. तीन बारीक, एक लांब; तीन बारीक, एक लांब; अशी एकच खूण घोकत राहायची. तिला अर्थ काही नाही. पण तेवढ्या वेळात पलीकडचा माणूस आपल्याला शोधतो, यंत्राची खुंटी जागेवर आणतो, आपल्या हाताचा वेग ओळखतो. त्याचा ताल बसला की मग खरं बोलायचं. "लोक आल्या आल्या बोलाले लागतात," मामा म्हणत. "समोरच्याचा कान आणखीन दुसरीकडेच राहते. पयलं अर्धं वायाच जाते." म्हणून बाजारात मोहफुलांचा भाव करतानाही ते आधी "हं, हं, हं, हंऽ" असं खाकरत. मोहवाली बाई हसून सांगायची, "झालं का तुमचं? आता भाव बोला."

मी शाळा शिकले दुसरीपर्यंत. बाकीचं जे काही लिहिते-वाचते ते मामांच्या ओसरीवरचं. त्यांनी चिंचेपासून आंब्यापर्यंत उंच तार ताणली होती आणि ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं जुळवलेलं यंत्र होतं. त्याच्या बॅटऱ्या भरायला गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये जायच्या, मोटारीच्या टपावर बसून. आवाज मोठ्यानं येत नसे. कानाला लावायचे दोन काळे डबे होते, पट्टीनं जोडलेले. त्याला मामा 'टोपडं' म्हणत, आणि ते मोठ्या मिशांचे मामा टोपडं घालून बसले की मामी तोंडाला पदर लावून हसायची.

स्टेशन शोधताना मी त्यांना पाहिलं आहे. बोटं खुंटीवर अशी ठेवत, जशी झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावीत. "फिरवू नोको," मला सांगत, "खुंटीले विचार." आणि ज्या वेळेला स्टेशन यायचं त्याच्या पाव घंटा आधी तयार बसत. आतले काचेचे दिवे तापू देत. यंत्र तापत जाई तसं स्टेशन आपल्या जागेवरून हळूहळू सरके, म्हणून बोट खुंटीवरून हलवायचं नाही, हा पहिला नियम. "स्टेशनच्या मागं धावाचं नाई. ते जठी येनार आहे तठी आपुन पयलेच जाऊन बसाचं."

दुसऱ्या लढाईत सरकारनं घड्याळं एक तास पुढं ढकलली, तेव्हा गावात मोठी गंमत झाली. शाळा सरकारी वेळेनं भरू लागली आणि ढोरं आपल्याच वेळेनं. मामांनी दोन घड्याळं बाळगायला सुरुवात केली. उजव्या खिशात दिल्ली रेडिओच्या टिकटिकीवर लावलेलं सरकारी आणि डाव्या खिशात गावचं. मास्तर विचारत, "मामा, किती वाजले?" मामा दोन्ही खिशांवर हात ठेवून विचारत, "कोनते पायजेत?"

आता त्यांची एक गोष्ट, जी तेव्हा गावात फक्त मला माहीत होती. एकदा मी शेजारी बसले होते आणि मामा पुटपुटले, "गेलं आज स्टेशन." टोपडं त्यांनी काढून ठेवलं. मी सहज कानाला लावलं तर आत एक माणूस स्वच्छ हिंदीत बोलत होता! मी सांगितलं. मामा उठून ओसरीचं दार लोटून आले आणि म्हणाले, "कोनाले सांगू नोको, सरू." त्यांचे कान जात होते. दाराशी मोठ्यानं बोललेलं कळे, पण टोपड्यातलं बारीक काही कळेनासं झालं होतं. रोज सकाळी चौकात लढाईची खबर सांगणारा माणूस तो. त्याची सगळी इज्जत त्या दोन कानांत होती.

त्या दिवसापासून मी मामांचा कान झाले. मामा हाकही तशीच मारू लागले, "ए कान, इकडे ये वं." स्टेशन तेच लावत. कानानं नाही, बोटांनी. टोपड्यातली थरथर त्यांच्या बोटांना कळायची, देव जाणे कशी. लागलं की टोपडं माझ्या डोक्यावर, खुंटी माझ्या बोटात आणि वही मांडीवर. मी ऐकायचं आणि लिहायचं. माझं वय तेरा. घरच्यांना वाटे, मामा पोरीला शिकवताहेत. पहिल्या दिवशी दोन शब्द सुटले म्हणून तिथं मी मनचेच दोन भरले. मामांनी ओळखलं. त्यांनी रागावून नाही, हळू आवाजात सांगितलं, "हे पाहा. सुटलं तिथं रेघ माराची. सुटलेल्याच्या मागं गेली का पुढचं बी सुटते. रेघ माराची लाज नाई. खोटं अक्षर भराची लाज आहे." त्या वहीत माझ्या किती रेघा आहेत! मामा रेघा मोजून हसायचे, "आज टोपड्यात पाऊस कमी होता. सातच रेघा."

ही सगळी उठाठेव कशासाठी, तर सुखरामभाऊसाठी. सुखराम त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाचं पाहून तोही पलटणीत गेला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं थांबली. सरकारचा कागद आला, त्यात एवढंच, की बेपत्ता. मेला म्हणेना, जिवंत म्हणेना. मग कुठून तरी कळलं, की पूर्वेकडचं एक स्टेशन दिवेलागणीच्या सुमाराला कैद केलेल्या शिपायांची नावं वाचतं. दुश्मनाचं स्टेशन. ते ऐकणं म्हणजे चोरीचाच मामला, म्हणून ओसरीचं दार लोटलेलं असे.

नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. असं ते वाचत. आपला जिल्हा तेव्हा भंडारा. मी त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसे. लोटलेल्या दाराला टेकून कौसल्या वहिनी, सुखरामची बायको, सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची. तांदूळ निवडून कधीचे झालेले असायचे. यादी संपली की ती विचारत नसे, नुसत्या भुवया उचले. मी मान हलवली की उठून दिवा लावी. एवढंच. किती संध्याकाळी अशा गेल्या ते मला आठवत नाही, तिथं रेघ.

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पानसुपारी, सिंगाडे, पाळणे आणि दिवसभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचं सोंग. त्या वर्षी आमच्या गावची मंडई ज्या दिवशी, त्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनवाल्यानं सांगितलं, की उद्या अमक्या पलटणीची यादी. सुखरामची पलटण. मी हे माझ्या हातानं वहीत लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी यंत्र पाव नाही, अर्धा घंटा आधी तापवलं. स्टेशन लावलं, टोपडं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि माझं बोट उचलून खुंटीवर ठेवलं. म्हणाले, "मी बाहेर बसतो. माझ्यानं नाई होत." आणि चिंचेखाली जाऊन पाठ करून बसले. मामी आणि वहिनी आतल्या देवापाशी. वहिनीला त्या दिवशी दाराशी बसायचा धीर झाला नाही.

मी अकरा नावं लिहिली. अकरावं लिहिलं आणि स्टेशनवाल्यानं मधेच एक गाण्याची तबकडी लावली. तसं ते कधी कधी लावत, गाणं झालं की उरलेली नावं. आणि तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावर ढोलकी आली. दंडारीतली मंडळी घरोघर फिरत आली होती. बाईच्या वेशातला तो नाच्या, त्याच्या पायातले चाळ, पोरासोरांचा गलका. मी सगळा दिवस घरकामात काढला होता, मंडई डोळ्यांनी पाहिली नव्हती. मला वाटलं, एका गाण्यापुरतं. खुंटीवरचं बोट काढलं, टोपडं खाली ठेवलं आणि दाराच्या फटीतून निसटून कुडाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले.

किती वेळ उभी होते? इथंही रेघच. नाच्यानं काही तरी चावट म्हटलं आणि मी पोट धरून हसले, एवढं आठवतं. परत आले, टोपडं लावलं, तर आत नुसती शिट्टी. स्टेशन सरकलं होतं. मामांनी शिकवलेलं सगळं विसरून मी खुंटी गरागरा फिरवली. कुठं चिनी, कुठं घरघर, कुठं काहीच नाही. घामानं बोटं ओली झाली. तोवर वेळ टळून गेली होती.

वहीत अकरा नावांच्या खाली मी रेघ मारायला पाहिजे होती. मी लिहिलं, 'संपलं'.

मामा आत आले. मी म्हणाले, "अकरा नावं होती. आपलं नाई." त्यांनी वही घेतली, अकरा नावं वाचली, 'संपलं' वाचलं. एकही रेघ नाही हे पाहिलं असणार. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं. तू काय करशील वं त्याले." ढोलकी अजून ऐकू येत होती, ती आता पुढच्या आळीत गेली होती.

त्या रात्री सांगितलं असतं तर? दुसऱ्या दिवशी? आठवड्यानं? मामांनी स्टेशनवर पुन्हा टपून बसायला सुरुवात केली असती, कोणाला विचारलं असतं, कुठं तरी दुसऱ्या कोणी ऐकलं असतं. मी रोज सकाळी ठरवायची आणि मामा रोज हाक मारायचे, "ए कान." त्या हाकेनं माझं तोंड बंद व्हायचं. ती हाक बंद होईल याची मला भीती होती. दुसरं काही कारण नाही. मी लहान होते असं माझी सून म्हणते. तेरा-चौदा वर्षांची पोर तेव्हा लहान नसे.

दीड वर्ष गेलं. पत्र नाही, कागद नाही. वहिनीचे वडील आले. तरुण पोर, मूल नाही. आमच्यात पाट लावायची रीत होतीच. त्यांनी मामांना विचारलं, "दादा, तुमाले काय वाटते? आशा आहे का?" मामा म्हणाले, "पलटनीची यादी झाली, तेच्यात नाव नाई. आयकनारीचा कान पक्का आहे. माझी सून नाई, लेक आहे ती. तिचा जनम मी असा बांधून ठेवनार नाई." सासऱ्यानं स्वतः सुनेचा पाट लावून द्यायचं ठरवलं, याचं गावानं कौतुक केलं. आणि त्या सगळ्या कौतुकाचा पाया म्हणजे माझं एक खोटं अक्षर.

जायच्या दिवशी वहिनीनं मला मागच्या अंगणात गाठलं. हात धरला. म्हणाली, "सरू, तुवा पुरं आयकलं होतं नं? पुरं?"

मी म्हणाले, "हो."

मंडईला धावले ते मी माफ करू शकते स्वतःला. हे 'हो' नाही.

वहिनी गेली. पुढं जिथं इटियाडोहचं धरण झालं त्या बाजूच्या एका गावात तिचं घर झालं. आणि लढाई संपल्यावर, वर्ष झालं असेल, आमगावहून येणाऱ्या मोटारीतून सुखरामभाऊ उतरला. नुसता सापळा. त्यानं बापाच्या दाराची कडी वाजवली, तीन बारीक, एक लांब. मामांचे कान तोवर पुरतेच गेले होते, आणि गावालाही ते दिसत होतं. फक्त कधीपासून गेले ते कोणाला माहीत नव्हतं. कडी मामीनं ऐकली. तिच्या किंकाळीनं आम्ही सगळे धावलो.

त्याला वहिनीचं सांगितलं ते मामीनं. तो ओरडला नाही. यंत्रापाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "पन आमची नावं तं गेली होती रेडिओवर. आमाले सांगितलं होतं तठी. साऱ्या पलटनीची." मामांना ऐकू येईना, म्हणून मामीनं पाटीवर लिहून दाखवलं. मामांनी वाचलं आणि सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, मुलाला म्हणाले, "तुझं नाव नाई गेलं, सुखराम. खोटं सांगलं तुमाले. आपला कान होता तठी."

आपल्या पोराला खोटं ठरवलं, मला नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मामा चिंचेखाली एकटे होते. बोलून उपयोग नव्हता आणि लिहायची हिंमत नव्हती, लिहिलेलं कोणीही वाचतं. मी त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. तळव्यावर बोटानं तीन बारीक ठोके दिले आणि एक लांब. त्यांचा चेहरा उजळला! कितीतरी दिवसांनी त्यांना कोणी त्यांच्या भाषेत हाक मारली होती. मान तिरकी करून ते वाट पाहू लागले, ताल बसला, आता बोल. आणि मी त्यांच्या तळव्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ ओढली.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. "कवा?" त्यांनी विचारलं. मी हातांनी ढोलकी वाजवून दाखवली. मंडई. अकरा बोटं दाखवायची होती, दहा दाखवली, मग एक. त्यांनी तळहात मिटला, तो माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि स्वतःच्या पोटाशी धरला. कुणी चटका दिल्यासारखा. मग म्हणाले, "मंग आता काऊन सांगून राहिली?"

मी उठून घरी आले.

संध्याकाळी त्यांनी सुखरामला, मामीला आणि माझ्या बापाला ओसरीवर बसवलं. मी माझ्या नावाची वाट पाहत कुडाआड उभी. मामा म्हणाले, "यादी अर्धी सुटली होती. स्टेशन सरकलं, ते मले कळलं नाई. माझे कान तवाच गेले होते, लढाईच्या आंधीच जाऊन राहिले होते. मी कोनाले सांगलं नाई, इज्जतीपायी. चूक माझी आहे." सुखरामनं उठून बापाच्या खांद्यावर हात ठेवला, पण लगेच काढला. माझं नाव त्या ओसरीवर निघालं नाही. तेव्हा नाही आणि पुढंही कधीच नाही.

तुम्हाला वाटेल, सुटले. मी त्या दिवशी अडकले ती आजतागायत.

सुखरामभाऊनं पुढं दुसरं घर केलं, मुलं झाली, त्यातला एक रेडिओ दुरुस्त करत असे. माझं लग्न आमगावला ठरलं. जायच्या आदल्या दिवशी मामा आमच्याकडं आले. बरोबर वही आणली होती, ती माझ्या ओटीत घातली. म्हणाले, "सुखी राहा, सरस्वती." कान नाही, सरू नाही. पूर्ण नाव. मी पुढं ती वही उघडली तेव्हा 'संपलं' होतं तसंच होतं. त्यांनी खोडलं नव्हतं. ते खोडून तिथं रेघ मी मारली, खूप वर्षांनी, त्यांच्या मागं.

आणि कडी. ती सांगायची राहिली. त्या शेवटच्या दिवशी ते आमच्या दारात आले तेव्हा मी आत चुलीपाशी होते. कडी वाजली, एकदाच, कोणी परकं माणूस वाजवतं तशी. मायनं विचारलं, "कोन आहे?"

मामा मेले तेव्हा मी आमगावात होते, बातमी दोन दिवसांनी आली. मामांनी शिकवलेलं सगळं मी वापरलं. लेकरांशी बोलताना आधी त्यांचा कान जागा केला, मग बोलले. जे माहीत नाही तिथं रेघ मारली. शेजारणी हसत, हिला विचारा, ही 'ठाऊक नाही' म्हणायला लाजत नाही. ते खरं आहे. ज्याची लाज वाटायला पाहिजे ते मला पक्कं ठाऊक आहे.

आता घराला घंटी आहे, पण कोणी कोणी अजून दार हातानंच वाजवतं. वाजलं की मी पहिल्यांदा मोजते. एक, दोन, तीन. तीन झाले की श्वास धरून बसते. नातू ओरडतो, "आजी, दार उघड नं, काऊन बसून राहिली?"

चौथी लांब येत नाही. मग मी उठते.